मिस्टरांची दारू, युनिटचा धाक आणि मालवा एक्सप्रेसचं तिकीट

प्रश्न इंदूरच्या लोकमान्य नगरातून आला आहे. ताईंचं माहेर इंदूरचं, सासर साताऱ्याकडचं. मिस्टर सैन्यात नायब सुभेदार, एकोणीस वर्षं नोकरी, सध्या उत्तरेत फील्डला. मुलांच्या शाळेसाठी ताई माहेरच्या आधाराने इथेच राहतात. मिस्टर सुट्टीवर आले की पूर्वी संध्याकाळी दोन पेग घ्यायचे, आता सकाळी अकरालाच सुरुवात होते. उठल्यावर हात थरथरतात. मागच्या खेपेला परत जाताना गाडीत त्यांना झटका आला, आणि ‘उपाशी होतो, चक्कर आली’ असं त्यांनी युनिटला सांगितलं. नणंदेने एक पावडर आणून दिली आहे: भाजीत मिसळा, कळणारही नाही, आठ दिवसांत सुटेल. ताई विचारतात, पावडर देऊ का? युनिटला कळवलं तर नोकरी आणि पेन्शन जाईल का? आणि पंधरा वर्षांचा मुलगा आता वडिलांचा पेग भरून देतो, त्याचं काय करू?

ताई, प्रश्न तीन आहेत, पण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात घाबरवणारं वाक्य तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात. गाडीतला झटका. आधी त्याचंच बोलू.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारू धरूनच हिशोब मांडायला शिकलेला असतो. दारू त्याला सुस्तावते, म्हणून तो उलट जोर लावून स्वतःला जागं ठेवतो. दारू एकदम थांबली की तो जोर मात्र तसाच उरतो. आपण खांदा लावून दार ढकलतोय आणि पलीकडच्याने अचानक कडी काढली, तर आपण तोंडावर पडू. तसंच हे. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, मळमळतं. फिट येण्याचा धोका साधारण सहा तासांपासून पुढचे दोन दिवस. त्यानंतर, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, काही जणांना वात होतो: वेळकाळाचं भान जातं, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो.

आता हे वेळापत्रक मालवा एक्सप्रेसला लावून बघा. गाडी महूहून निघते, दुपारी इंदूरला येते. मिस्टर घरून निघताना दोन पेग घेतात. डब्यात आणखी चार फौजी असतात, मिस्टर स्वतः जेसीओ, म्हणजे जवानांवरचे कनिष्ठ अधिकारी, त्यामुळे चारचौघांत बाटली काढता येत नाही. रात्र जाते. पहाटे दिल्ली, सकाळी अंबाला, मग लुधियाना. वीस-बावीस तास झालेले असतात. म्हणजे फिट नेमकी पंजाबात यायची. तुमच्या मिस्टरांचं उपाशी पोट त्यात असेलही, पण मी तरी त्या झटक्याला चक्कर म्हणणार नाही. एकदा आलेली फिट पुढच्या वेळी पुन्हा येण्याची शक्यता जास्त असते, हेही लक्षात ठेवा.

मी हे इतक्या जोर देऊन सांगते, कारण सुरुवातीच्या काळात मी स्वतः यात चुकले आहे. महूची एक वहिनी रडत आली होती. मी तिला सांगितलं, घरातल्या सगळ्या बाटल्या ओतून टाक, चार दिवस त्रास होईल, सहन कर. तिने माझं ऐकलं. तिसऱ्या रात्री तिचा नवरा पलंगावर उठून बसला आणि हवेतच रायफल साफ करायला लागला. डाव्या हातात नळी धरल्यासारखी, उजव्या हाताने पुलथ्रूची दोरी ओढल्यासारखी. डोळ्यासमोर धरून नळीतून बघायचा, मान हलवायचा, पुन्हा ओढायचा. बायकोला ओळखत नव्हता, तिला ‘साहब’ म्हणत होता. वाताच्या अवस्थेत माणूस पुष्कळदा आपल्या रोजच्या कामाच्याच हालचाली करतो: शिंपी हवेत टाके घालतो, ड्रायव्हर गिअर बदलतो. पुस्तकात मी ते वाचलेलं होतं. त्या रात्री बघितलं. तो वाचला, पण माझ्या सल्ल्यामुळे नाही.

म्हणून पहिली गोष्ट: घरी एकदम दारू तोडायची नाही. त्यांनी स्वतः ‘उद्यापासून बंद’ म्हटलं तरी नाही. डॉक्टरच्या देखरेखीखाली पाच ते दहा दिवस झोपेच्या गटातली औषधं मोजून देऊन हळूहळू कमी करतात, आणि सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. हे थायमिन लोकांना किरकोळ वाटतं. दारूड्या माणसाला अशक्त बघून कुणी आधी नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं आणि थायमिन दिलं नाही, तर स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. जिथे न्याल तिथे ‘हे रोज पितात, किती वर्षांपासून, शेवटचा पेग कधी, पूर्वी फिट आली होती’ ही चार वाक्यं तुम्हीच पहिली बोला. घरची माणसं लाजेने हीच चार वाक्यं गिळतात.

आणि सुट्टी साठ दिवसांची असेल तर उपचार पहिल्या आठवड्यात सुरू व्हायला हवेत. प्रत्यक्षात काय होतं? पहिले पंधरा दिवस ‘आत्ताच तर आलेत, थकलेत’, मग गावाकडची जत्रा, मग कुणाचं लग्न, आणि जायला पाच दिवस उरले की वहिनी माझ्यासमोर. पाच दिवसांत मी काय करू? एवढंच सांगते की असं पिऊन त्यांना गाडीत बसवू नका, डॉक्टरला दाखवा, लागलं तर सिक रिपोर्ट करा, म्हणजे आजारी असल्याचं रीतसर कळवा. सुट्टीवर असलेला जवान जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलात दाखवू शकतो, आणि आपल्याकडे ते महूला, तासाभराच्या अंतरावर आहे.

पावडर. देऊ नका. पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, म्हणजे आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक असेलच असं नाही. अशा पुड्यांमध्ये डायसल्फिरामची भुकटी मिसळलेली असण्याचा धोका असतो. डायसल्फिराम हे वाईट औषध नाही. १९४० च्या दशकात कोपनहेगनमध्ये दोन संशोधक जंतावरचं औषध म्हणून त्याच्यावर काम करत होते. ते पोटात असताना दारू घेतली की माणसाची काय गत होते हे त्यांनी स्वतःवरच अनुभवलं. दारू शरीरात मोडताना मध्येच एक विषारी पदार्थ तयार होतो, एरवी तो लगेच पुढे निघून जातो, हे औषध त्याची वाट अडवतं. मग चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा आजार असलेल्याचा जीवही जाऊ शकतो. ज्याला हे सगळं समजावून सांगितलंय, ज्याने लेखी होकार दिलाय आणि जो रोज सकाळी बायकोसमोर स्वतःच्या हाताने गोळी घेतो, त्याला ते उपयोगी पडतं. भाजीतून दिलं तर ते विषच. गोळी थांबवल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणजे तुम्ही आज घाबरून बंद केलंत आणि आठ दिवसांनी त्यांनी मेसमध्ये एक पेग घेतला, तरी धोका आहेच.

दुसरं नुकसान औषधाच्या पुस्तकात नसतं. एका हवालदारांना बायकोने असंच गुपचूप दिलं आणि त्यांना ते कळलं. त्यानंतर कित्येक महिने ते घरी फक्त उकडलेली अंडी आणि केळी खायचे, ज्याचं साल स्वतः काढता येतं असंच. माझ्याकडे आले तेव्हा दारूबद्दल बोलायलाच तयार नव्हते, बोलत होते ते फसवणुकीबद्दल. ते मन वळवण्यात आमचे चार महिने गेले.

नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी दारूची ओढ कमी करणारी दुसरी औषधंही आहेत. कोणतं द्यायचं ते मानसोपचार तज्ज्ञ यकृताची तपासणी बघून ठरवतील. फक्त एक गोष्ट डॉक्टरांना न विसरता सांगा: मिस्टर पाठीसाठी किंवा गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या घेतात का, आणि कोणत्या. पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढलेल्या माणसाची कंबर चाळिशीत बोलायला लागते. ट्रॅमाडोल, टॅपेंटाडोल या अफूच्या कुळातल्या गोळ्या आहेत, ट्रॅमाडोल तर २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे. त्या चालू असताना नालट्रेक्सोन दिलं तर माणूस तडफडतो. शिवाय मी अलीकडे असे फौजी बघतेय ज्यांची दारू सुटली पण गोळी सुटत नाही. आणि आपला माळवा. मंदसौर, नीमच, रतलामकडे अफूची परवानाधारक शेती आहे, त्यामुळे ‘डोडा (अफूचं वाळकं बोंड) घेतला की कंबर दुखत नाही’ असं सांगणारा कुणी ना कुणी भेटतोच. त्यालाही नाही म्हणायचं.

आता मोठा प्रश्न, युनिटला कळवण्याचा. यात मी गोड बोलणार नाही. भीती खोटी नाही. सेना अधिनियम १९५० च्या कलम ४८ खाली नशेत आढळणं हा गुन्हा आहे, ड्यूटीवर असो वा नसो. शिक्षा झाली की सेवेच्या नोंदीत लाल शाईची एंट्री पडते. चार लाल एंट्र्या झाल्या की घरी पाठवण्याची नोटीस येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलंय की नुसत्या चार एंट्र्या मोजून आपोआप काढता येत नाही, चौकशी करावी लागते, सेवेचा काळ आणि कठीण ठिकाणची पोस्टिंग लक्षात घ्यावी लागते. पण कोर्टाची पायरी चढायची वेळ का येऊ द्यायची?

दुसरी बाजू बघा. वैद्यकीय भाषेत दारूचं अवलंबित्व हा आजार आहे आणि सैन्यातले डॉक्टर त्यावर आजार म्हणूनच उपचार करतात. कमांडिंग ऑफिसरकडून एएफएमएसएफ-१० नावाचा अहवाल जातो: हा माणूस कामात कसा आहे, वागण्यात काय बदल दिसला, वगैरे. मानसोपचार तज्ज्ञ तपासतात, भरती करून दारू सोडवतात. जवानाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पाच अक्षरांत मोजतात, त्यातलं पहिलं अक्षर मनाच्या प्रकृतीचं. ती श्रेणी तात्पुरती खाली येते, मग ठरलेल्या मुदतीने, साधारण चोवीस आठवड्यांनी, पुन्हा तपासणी होते. तेवढ्या काळात हत्याराची ड्यूटी, उंचावरची पोस्टिंग मिळत नाही, बढती अडू शकते. हे नुकसान आहे, मी नाकारत नाही. सुधारला तर श्रेणी परत वर जाते. पुन्हापुन्हा घसरला तर वैद्यकीय कारणावरून घरी पाठवतात.

पेन्शनचं नीट समजून घ्या, कारण सगळी लपवाछपवी तिच्यासाठी चालते. तुमच्या मिस्टरांची एकोणीस वर्षं झाली आहेत. जवान आणि जेसीओ यांना सेवा पेन्शनसाठी पंधरा वर्षं लागतात, ती त्यांनी कमावलेली आहेत. आजारपणामुळे घरी आले तरी ती कमाई पुसली जात नाही. अपंगत्वाची जादा पेन्शन दारूच्या आजाराला मिळत नाही, पेन्शनच्या नियमांत दारू-तंबाखूच्या अतिरेकाने झालेली इजा स्वतःच्या ताब्यातली मानली आहे. ते सोडून द्या. खरा धोका आहे बडतर्फीचा. बडतर्फ झालेल्याची पेन्शन जाऊ शकते. आणि बडतर्फी कशाने होते? नशेत वरिष्ठावर हात उगारला, हत्यार हरवलं, पहाऱ्यावर झोपला, गाडी ठोकली, यातलं काहीतरी झालं की.

म्हणून मी घरच्यांना एवढंच सांगते: हे आज ना उद्या उघडकीला येणार. ते एमआय रूममधून, म्हणजे युनिटच्या दवाखान्यातून, उघडकीला येतं की क्वार्टर गार्डमधून, म्हणजे पहाऱ्याच्या कोठडीतून, एवढंच आपल्या हातात आहे. पहिल्या वाटेने आलं तर कागदावर आजार लिहिला जातो, दुसऱ्या वाटेने आलं तर गुन्हा. तुम्ही ‘उपाशी होते’ हे मान्य करून टाकलंत त्या दिवशी पहिली वाट थोडी अरुंद झाली, अजून बंद झालेली नाही.

सांगायचं कुणी आणि कसं? उत्तम म्हणजे त्यांनी स्वतः आरएमओकडे, म्हणजे युनिटच्या डॉक्टरकडे, जाऊन ‘गाडीत फिट आली होती, मी रोज पितो’ असं सांगणं. त्याच्या खालोखाल, सुट्टीत तुमच्यासोबत महूला येऊन दाखवणं. तेही जमत नसेल तर तुम्ही बोला, पण निनावी पत्र नको आणि बडीच्या (जोडीदार जवानाच्या) बायकोच्या कानात तर मुळीच नको, संध्याकाळपर्यंत सगळ्या फॅमिली लाईनला झालेलं असतं. सुभेदार मेजर साहेबांशी किंवा युनिटच्या पंडितजींशी बोलता येतं. या धर्मगुरूंना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलेलं असतं आणि जवान त्यांच्यापुढे रँक विसरतात. घरात बसून विचारायचं असेल तर टेलिमानस, १४४१६. या सेवेचा खास सैन्यदलांसाठीचा कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात चालतो, फोन घरचेही करू शकतात. नशेसाठीची वेगळी राष्ट्रीय हेल्पलाईन १४४४६.

मात्र मारहाण होत असेल, ‘मी संपवतो सगळं’ असं ते बोलत असतील, तर यातला कुठलाच क्रम पाळायचा नाही. ११२ लावा. घरात परवान्याची बंदूक असेल तर ती आजच भावाकडे किंवा ठाण्यात जमा करा. त्यांचा राग परवडेल.

खासगीत गुपचूप उपचार करू का, हेही तुमच्या मनात असणार. बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे, शहरात खासगी मानसोपचार तज्ज्ञ आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास धरले आहेत आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन डॉक्टरवर आहे. सुरुवात तिथे करायला माझी ना नाही. अडचण नंतर येते. दोन महिने औषध चालतं, मग सुट्टी संपते आणि फील्डवर पाठपुरावा कोण करणार? ट्रंकेत गोळ्या सापडल्या की प्रश्न येतात, म्हणून गोळ्या घरीच राहतात. दारू सोडवणं आठ-दहा दिवसांचं काम आहे, सोडलेली टिकवणं वर्षाचं, आणि ते वर्ष मिस्टर तुमच्याजवळ नसतात, युनिटजवळ असतात. त्यामुळे युनिटच्या डॉक्टरला अंधारात ठेवून हे पूर्णत्वाला गेलेलं मी फार क्वचित पाहिलंय.

आणि ‘उचलून नेतो, सहा महिने ठेवतो, फोनसुद्धा नाही’ म्हणणाऱ्या केंद्रांपासून लांब राहा. त्याच कायद्याच्या कलम ९५ ने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. केंद्राची नोंदणी आहे का, मानसोपचार तज्ज्ञ किती वेळा येतात, मी कधीही भेटायला येऊ शकते का, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नावर जो अडखळेल तिथून उठून या.

हे सगळं करायला मिस्टर तयार तर व्हायला हवेत, म्हणाल. बरोबर. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ, खजराण्याच्या गणपतीपुढे शपथ, हे तुम्ही करून झालं असेल. श्रद्धेला मी हसत नाही, पण शपथ मोडली की माणूस दोनदा हरतो आणि तो अपमान बुडवायला आणखी पितो. घरच्यांच्या वागण्यातून माणसाला उपचारापर्यंत आणण्याची एक रीत आहे, तिला ‘क्राफ्ट’ म्हणतात. अमेरिकेत १९९९ साली तीन पद्धतींची तुलना झाली. या रीतीने शिकवलेल्या घरांमध्ये ६४ टक्के पिणारे उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत ३० टक्के, आणि घरच्यांना नुसतं ‘तुम्ही स्वतःला सांभाळा’ सांगण्यात १३ टक्के. आपल्याकडच्या बैठका, काका-मामा बोलावून ‘याला समजवा’, या त्या मधल्या प्रकारात येतात. फौजी माणूस चार नातेवाईकांसमोर उभा केला की त्याच्या डोळ्यासमोर कोर्ट मार्शलच येतं.

रीत अशी: दारूची सोय आपण करायची नाही, तिच्यामुळे झालेला पसारा आपण आवरायचा नाही, आणि न पिलेला वेळ मात्र गोड करायचा. सोय म्हणजे काय? बर्फ काढून देणं, शेंगदाणे तळून देणं, ‘बाहेर जाण्यापेक्षा घरात घ्या’ म्हणणं. २०२३ च्या एप्रिलपासून मध्य प्रदेशात अहाते, म्हणजे दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा, बंद झाले, आणि माझ्याकडच्या कित्येक घरांत बैठक तिथून उठून गच्चीवर आली. चखणा करायला घरची बाईच. पसारा म्हणजे युनिटमधून फोन आला की ‘ते अंघोळीला गेलेत’ म्हणणं. एकदम सगळं नका सोडू, एक-एक सोडा, आणि आधी सांगून सोडा: ‘उद्यापासून मी फोनवर तुमच्यासाठी खोटं बोलणार नाही.’ आवाज न चढवता, एकदाच.

बोलायची वेळ सांभाळा. संध्याकाळी पिऊन झाल्यावर अजिबात नाही. सकाळी, पोहे खाऊन झाले की, पहिल्या पेगच्या आधी. वाक्य ‘तुम्ही’ने सुरू होतं तेव्हा भांडण होतं, म्हणून तुम्हाला काय दिसलं तेवढंच बोला: ‘काल छोटीला शाळेतून आणायला गेलात, तिने मला विचारलं पप्पांना वास का येतो. मला भीती वाटली.’ आणि थांबा. ते गप्प बसले तर बसू द्या. ‘डॉक्टरकडे चला’ हे वाक्य त्या दिवशी नको, ते त्या दिवसासाठी राखून ठेवा ज्या दिवशी ते स्वतः म्हणतील, ‘हे काही बरं चाललं नाही.’ असं ते म्हणतात, प्रत्येक जण कधीतरी म्हणतो, बहुतेक वेळा उलटी झाल्यावर किंवा मुलगी रडल्यावर. त्या क्षणी तुमच्या हातात डॉक्टरचं नाव आणि उद्याची वेळ तयार हवी. ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हटलं की गाडी सुटली. एम्सने देशभर केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेल्या सदतीस जणांनी तसं कधी म्हटलंच नसेल, यावर माझा विश्वास नाही.

न पिलेला वेळ गोड करणं बायकांना सगळ्यात अवघड जातं, कारण मनात राग साठलेला असतो. पण ज्या दुपारी त्यांनी घेतली नाही त्या दुपारी मुलांना घेऊन पाताळपाणीला जा, संध्याकाळी सराफ्यात जा. टोमणा नको. ‘आज कसे शहाण्यासारखे वागलात’ हाही टोमणाच.

सैन्याच्या कॅन्टीनमधून स्वस्त दारू मिळते, त्या कार्डाबद्दल एक. बायका ते लपवतात, एकीने तांदळाच्या डब्यात पुरलं होतं. मग दुपारभर घरात झडती चालते. त्यापेक्षा माहेरच्यांशी बोला. हो, तुमच्याच. ‘फौजी जावई आलेत, कॅन्टीनची दोन रम आणा’ हे इंदूरच्या प्रत्येक घरात चालतं, स्वस्त पडते म्हणून. तुमच्या भावासाठी बाटली आणायला गेलेला माणूस स्वतःसाठी आणल्याशिवाय कसा येईल? ही मागणी बंद करणं तुमच्या हातात आहे आणि त्याला मिस्टरांची परवानगी लागत नाही. थंडीत रम लागतेच, हा वाद कुणी घातला तर सांगा की दारूने कातडीकडचं रक्त वाढतं, म्हणून ऊब वाटते, पण शरीराच्या आतली उष्णता त्याच वाटेने बाहेर जाते. बर्फातल्या पोस्टवर ती उलट घातक.

निवृत्तीची वाट बघू, मग घरी असतील, मी नजर ठेवीन, असं पुष्कळ जणी म्हणतात. माझ्याकडचे सगळ्यात बिघडलेले रुग्ण निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांतले आहेत. पहाटेचा पीटी नाही, रोल कॉल नाही, हाताखाली माणसं नाहीत, एखाद्या बँकेत किंवा टाउनशिपच्या गेटवर रात्रपाळी, आणि कॅन्टीनचा कोटा मात्र चालूच. आज युनिटचा जो धाक तुम्हाला शत्रू वाटतो, तोच तेव्हा नसतो.

राहिला मुलगा. तो पेग भरतो याचं तुम्हाला दुःख आहे, पण त्याला त्याचा अभिमान आहे हे लक्षात घ्या. वर्षातले दहा महिने नसलेल्या वडिलांनी त्याला सोपवलेलं ते एकमेव काम आहे. ‘माझा वाघ बरोबर मोजतो’ असं पाहुण्यांसमोर म्हटलेलं त्याने ऐकलंय. म्हणून नुसतं ‘तू भरायचा नाहीस’ म्हणून चालणार नाही, त्या जागी दुसरं काम द्यावं लागेल, आणि ते वडिलांकडूनच यावं. मिस्टरांना हे सकाळच्या त्याच वेळी सांगा. स्वतःच्या पिण्याबद्दल ऐकायला जो बाप तयार नसतो, तोही ‘पोराच्या हातात बाटली नको’ एवढं पुष्कळदा मान्य करतो. तिथूनच कित्येक घरांत पहिलं बोलणं सुरू झालंय. बूट पॉलिश, पहाटेची धाव, मोटरसायकलचं प्लग साफ करणं, काहीही चालेल.

मुलाशी तुम्ही वेगळं बोला. ‘पप्पा वाईट आहेत’ नको, आणि ‘पप्पांना बरं नाही’ म्हणून गुळमुळीतही नको. पप्पांना दारूचा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, तू तो बरा करू शकत नाहीस, असं स्पष्ट सांगा. आणि त्याने चोरून चव घेतली आहे का ते विचारा. बहुधा घेतली असेल. ‘हो’ म्हणाला तर ओरडू नका, नाहीतर तो शेवटचा ‘हो’ असेल.

पहिल्या भेटीला मिस्टरांना आणलंच पाहिजे असं नाही, तुम्ही एकट्या आलात तरी काम सुरू होतं. येताना गाडीतल्या झटक्याची तारीख, वेळ आणि कोणत्या स्टेशनच्या आसपास होते, हे त्यांच्या सोबत्याला विचारून लिहून आणा. आणि पुढच्या परतीचं तिकीट काढलं असेल तर त्याची तारीखही.